'डेंजरस' या विशेषणाची कुळकथा

रोजच्या वापरातल्या शब्दांची कुळकथा सहसा कोणी विचारीत नाही. घरात नित्य वावरणाऱ्या माणसाला त्याचे गोत्र विचारावयाचे नसते, तसेच हे आहे. ज्या इंग्रजी शब्दांनी मराठी बोलण्यात कायमचे बिऱ्हाड केले आहे, त्यांत 'डेंजर' आणि त्याचे विशेषण 'डेंजरस' यांचा क्रमांक बराच वर लागेल. घाटातले वळण डेंजरस असते, शेजाऱ्याचा कुत्रा डेंजरस असतो, पावसात उघडी पडलेली विजेची तार डेंजरस असते. तरुण मंडळींच्या तोंडी तर एखाद्या गोलंदाजाचा चेंडू किंवा एखाद्या गवयाची तानसुद्धा 'डेंजर' असते, आणि तेथे ती निर्भेळ स्तुती असते.

या विशेषणाचा वापर सोपा दिसतो; परंतु मराठी माणूस इंग्रजी वाक्य जुळवू लागला की एका ठिकाणी हमखास अडखळतो. रोग्याची प्रकृती चिंताजनक आहे असा निरोप रुग्णालयातून द्यावयाचा असतो, आणि घाईघाईत वाक्य तयार होते: 'द पेशंट इज डेंजरस.' ऐकणाऱ्या इंग्रजाच्या मनात चित्र उभे राहते ते दुसऱ्यांच्या अंगावर धावून जाणाऱ्या रोग्याचे. म्हणावयाचे असते ते 'द पेशंट इज इन डेंजर' असे. ज्याच्यापासून भय आहे तो 'डेंजरस', आणि ज्याला भय आहे तो 'इन डेंजर'. मराठीतही हा भेद आहेच; रोगी धोक्यात असतो आणि रोग धोकादायक असतो. व्याकरणाचे पुस्तक हा नियम दोन ओळींत सांगून मोकळे होते. पण नियम असा का, याचे उत्तर व्याकरणात सापडत नाही. ते इतिहासात सापडते. आणि ते शोधू गेल्यास असे दिसून येते की, हा शब्द मुळात संकटाचा नव्हेच. तो सत्तेचा आहे.

लॅटिन भाषेत घराला 'दोमुस' म्हणत आणि घराच्या धन्याला 'दोमिनुस'. पुढे हा दुसरा शब्द मालक, स्वामी, प्रभू अशा सर्व अर्थांनी चालू लागला. त्याचा वंशविस्तार मोठा आहे. इंग्रजीतील 'डोमेस्टिक', 'डोमेन', 'डॉमिनेट' हे त्याच घराण्यातले. पोर्तुगिजांची 'दों' आणि 'दोना' ही मानाची उपपदेही त्याच घराण्यातली. पणजीजवळच्या दोना पावल या स्थळाच्या नावात त्यांतले एक आजही उभे आहे. शाळेतल्या बाईंना मुले 'मॅडम' म्हणून हाक मारतात, तो शब्दही 'माझी स्वामिनी' या अर्थाने फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचे मूळही हेच. संस्कृतशीही या घराण्याची फार जुनी सोयरीक आहे. वेदांच्या भाषेत 'दम' म्हणजे घर, आणि घराचा जो स्वामी तो 'दंपती'. पतिपत्नीच्या जोडप्याला हा शब्द लागला तो नंतर. म्हणजे लग्नपत्रिकेतला 'दांपत्य' हा शब्द आणि विजेच्या खांबावरचा 'डेंजर' हा शब्द हे दूरचे का होईना, पण भाऊबंद ठरतात. यावर गमतीने काय म्हणावयाचे ते ज्याने त्याने म्हणावे!

'दोमिनुस'पासून बोलीतल्या लॅटिनमध्ये 'दोमिनारियुम', म्हणजे धन्याची सत्ता, असे एक रूप झाले असावे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे 'दांजिए' झाले. या मार्गात नुकसान या अर्थाच्या 'दाम्नुम' या दुसऱ्या लॅटिन शब्दाचा वारा त्याला लागला आणि त्याचा स्वर बदलला. तरीही अर्थ बराच काळ तोच राहिला: धन्याचा अधिकार, त्याचा ताबा, त्याची मर्जी.

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर दोनअडीचशे वर्षे त्या देशात जमीनदारांची, दरबाराची आणि न्यायालयांची भाषा फ्रेंच होती. नांगर धरणाऱ्यांची भाषा इंग्रजी होती. जित लोक जेत्यांच्या भाषेतून कोणते शब्द आधी शिकतात, हे पाहण्यासारखे असते. कर, दंड, न्याय, तुरुंग यांचे शब्द ते आधी शिकतात, कारण त्यांची गाठ त्यांच्याशीच पडते. तेराव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी लेखनात 'डेंजर' दिसू लागतो, तो याच रांगेतून आलेला. एखाद्याच्या 'डेंजर'मध्ये असणे म्हणजे त्याच्या कह्यात असणे, त्याने मनात आणले तर दंड करावा आणि मनात आणले तर सोडून द्यावे अशा स्थितीत असणे. 'इन डेंजर' या आजच्या शब्दप्रयोगातले 'इन' हे तेथून आलेले आहे. संकटात पडणे ही नंतरची गोष्ट. आधी पडावयाचे ते दुसऱ्याच्या मुठीत. आणि ज्याची मूठ तो 'डेंजरस'. रोग्याच्या वाक्यातील भेदाचे रहस्य हेच आहे. एक शब्द मुठीत सापडलेल्याचा आहे, दुसरा मूठ आवळणाऱ्याचा आहे.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स' रचले, तेव्हा हा जुना अर्थ चांगलाच जिवंत होता. धर्मन्यायालयाचे समन्स बजावणारा जो लबाड अधिकारी त्याने रंगविला आहे, त्याने आपल्या प्रांतातील तरुण मंडळींना आपल्या 'डेंजर'मध्ये ठेवले होते, असे तो सांगतो. म्हणजे त्यांना त्याने संकटात लोटले होते असे नव्हे. त्यांची गुपिते त्याला ठाऊक होती आणि म्हणून ती त्याच्या मुठीत होती. त्याच काव्यातील गावचा गरीब आणि सात्त्विक पाद्री बोलण्यात 'डेंजरस' नव्हता, असेही चॉसर सांगतो. आजचा वाचक येथे चकित होतो. पाद्री बोलण्यात धोकादायक कसा असावयाचा? पण चॉसरला अभिप्रेत अर्थ असा की, तो तुसडा नव्हता, धनीपणाचा तोरा मिरवीत नव्हता. फ्रेंच भाषेत त्याआधीच, तेराव्या शतकात, 'रोमान द ला रोज' या रूपकात्मक काव्यात 'दांजिए' नावाचे एक पात्र येऊन गेले होते. गुलाबाच्या ताटव्यावर पहारा करणारा, हाती सोटा घेतलेला तो एक राकट माणूस आहे, आणि प्रियकराला तो जवळ फिरकू देत नाही. प्रेमिकेचे सहजी वश न होणे, तिने आपला अधिकार राखून असणे, हे त्या पात्राच्या नावाने सुचविले आहे. म्हणजे संकटाचा शब्द होण्यापूर्वी हा मानिनीचाही शब्द होऊन गेला!

सत्तेचा अर्थ संकटाकडे कसा वळला, याचे उत्तर कोणत्याही कुळाला सांगता आले असते. ज्याची सत्ता दुसऱ्यावर चालते, त्याच्याकडून अपाय होण्याची शक्यता नेहमीच असते. धनी भला असला तरी त्याच्या मुठीत असणे हे निश्चिंतपणे असणे नव्हे. कह्यात असलेल्या माणसाच्या मनातले हे भय हळूहळू शब्दात उतरले, आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'डेंजर' म्हणजे अपायाची शक्यता हा अर्थ रूढ होऊ लागला. दोनशे वर्षांनी शेक्सपिअरच्या काळी दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये न्यायालयात वकिलाच्या वेषात आलेली पोर्शिया अँटोनिओला विचारते की, तू या सावकाराच्या 'डेंजर'मध्ये सापडला आहेस ना? येथे कर्जदारावर चालणारी धनकोची सत्ता आणि कर्जदाराच्या जिवावरचे संकट या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात आहेत. 'ज्यूलियस सीझर'मध्ये मात्र सीझर त्या कृश, उपाशी नजरेच्या कॅशियसला 'डेंजरस' म्हणतो, तेव्हा त्याला आजचाच अर्थ सांगावयाचा असतो. विशेष हे की, तेथे सत्ता सीझरच्या हाती आहे, आणि 'डेंजरस' हे विशेषण तो दुसऱ्याला लावीत आहे. या उलटापालटीत पुढच्या इतिहासाचे बीज आहे.

त्यानंतर शब्दातला धनी दिसेनासा झाला. समुद्र 'डेंजरस' झाला, ताप 'डेंजरस' झाला, पूल 'डेंजरस' झाला. वस्तूंना हे विशेषण लागू लागले आणि त्यांच्या मागे कोणी उभा आहे की नाही, हे वाक्यावरून कळेनासे झाले. 'द ब्रिज इज डेंजरस' या वाक्यात पूल आहे, भय आहे. पण पूल बांधणारा, त्याची डागडुजी न करणारा, त्यावरून गाड्या सोडणारा यांच्यापैकी कोणीही नाही. वाक्य पूर्ण आहे आणि तरी अर्धेच सांगते.

धोक्यासाठी इंग्रजीत इतर शब्दही आहेत आणि त्यांची मुळे वेगळी आहेत. 'पेरिल' हा लॅटिनमधल्या 'पेरिकुलुम'वरून आला. त्याचा मूळ अर्थ कसोटी, प्रयत्न. अनुभव या अर्थाचा 'एक्सपीरियन्स' हा त्याचाच नातेवाईक. 'हॅझर्ड' हे मुळात फाशांच्या एका खेळाचे नाव, आणि अरबी भाषेतील फाशाच्या शब्दाशी त्याचे नाते जोडण्यात येते. 'रिस्क' इटालियन व्यापाऱ्यांच्या भाषेतून फ्रेंचमार्गे सतराव्या शतकात इंग्रजीत आला. त्याच्या आधीच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. 'रिस्की' हे विशेषण तर एकोणिसाव्या शतकातले. हे व्यापाऱ्यांचे, खलाशांचे, जुगाऱ्यांचे शब्द आहेत. लंडनच्या लॉइड्समध्ये सागरी विम्याच्या करारपत्राचा जो नमुना १७७९ मध्ये ठरला, त्यात समुद्र, आग, शत्रू, चाचे, चोर अशा 'पेरिल्स'ची यादी असे, आणि दोन शतके तो नमुना चालू राहिला. 'रिस्क' माणूस हिशेब करून घेतो आणि त्याबद्दल नफ्याची अपेक्षा धरतो. 'डेंजर'मध्ये माणूस सापडतो. म्हणूनच इंग्रजीत 'रिस्क' घेता येते, 'डेंजर' घेता येत नाही.

मराठीची जाण या बाबतीत तितकीच सूक्ष्म आहे. मराठीत जोखीम पत्करतात, घेतात, अंगावर घेतात. धोका मात्र असतो, संभवतो, उद्भवतो. प्रवासात बरोबर असलेल्या पैशाअडक्याला आणि दागिन्यांनाही जुनी माणसे 'जोखीम' म्हणत. 'अंगावर जोखीम आहे, दिवसाउजेडी पोहोचा' असे सांगत. जे मोलाचे तेच भयाचे कारण, हा केवढा व्यवहार त्या एका शब्दात साठविला आहे! 'धोका' या शब्दाची गोष्ट आणखी वेगळी. दिल्लीस, कानपुरास किंवा जबलपुरास राहिलेल्या मराठी माणसाला ती अनुभवाने ठाऊक असते. हिंदीत 'धोखा' म्हणजे फसवणूक, विश्वासघात. त्यामुळे 'येथे धोका आहे' असे त्याने शेजाऱ्याला सांगितले, की शेजाऱ्याला वाटते, येथे कोणी ठकविणारा आहे. हिंदी माणूस अशा वेळी 'खतरा' म्हणतो, जो अरबीतून आला. मराठीने 'धोका' शब्दाचे दोन्ही अर्थ ठेवले. मित्र धोका देतो आणि पुलालाही धोका असतो. अपायात फसवणूक लपलेली असते, वरून धड दिसणारी वस्तूच दगा देते, हा मराठीचा अनुभव. भारतीय वीज नियम, १९५६ यांतील पस्तिसाव्या नियमाने विद्युत्-संचाच्या मालकावर बंधन घातले की, त्याने कवटी आणि हाडे यांच्या चित्रासह धोक्याची सूचना लावावी. ती हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि शिवाय जिल्ह्याच्या भाषेत असावी. वाचता न येणाऱ्यासाठी कवटी, वाचता येणाऱ्यासाठी त्याची स्वतःची भाषा, आणि पाटी लावण्याची जबाबदारी मालकावर. त्या एवढ्याशा नियमात फार मोठा विचार आहे. येथे शब्दातून हरवलेला धनी कायद्याने पुन्हा शोधून काढला.

हा शोध इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. वाफेवर चालणाऱ्या गिरण्यांत चाकांत आणि पट्ट्यांत सापडून मुले आणि स्त्रिया जायबंदी होत. आणि यंत्र हे धोक्याचे असावयाचेच, कामगाराने जपून वागावे, अशी सर्वसाधारण समजूत होती. १८४४ च्या कारखाना कायद्याने अशा यंत्रांभोवती कुंपण घालण्याचे बंधन गिरणीमालकावर घातले. यंत्र 'डेंजरस' आहे हे वाक्य एवढ्यावर थांबेना. ते कोणाचे आहे, हा पुढचा प्रश्न कायदा विचारू लागला. काडेपेट्यांच्या धंद्याची कथा याहून विदारक आहे. पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफांनी कामगारांच्या जबड्याची हाडे सडत. १८८८ मध्ये लंडनच्या पूर्व भागातील एका काडेपेटी कारखान्यातील मुलींनी आणि स्त्रियांनी संप केला आणि त्या धंद्याकडे साऱ्या देशाचे लक्ष वेधले. १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे हा फॉस्फरस काडेपेट्यांतून हद्दपार करण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९०८ मध्ये ब्रिटनने तसा कायदा केला आणि १९१३ मध्ये हिंदुस्थानातही तसा कायदा आला. लाल फॉस्फरसचा निरुपद्रवी पर्याय त्यापूर्वी कित्येक वर्षे उपलब्ध होता. फरक होता तो किमतीचा. म्हणजे पांढरा फॉस्फरस 'डेंजरस' होता हे खरे. पण तो वापरावयाचा की नाही, हे ठरविणारे हात त्याहून अधिक 'डेंजरस' होते.

या विचाराची पूर्तता भारतात झाली, ती फार मोठी किंमत देऊन. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि उजाडेपर्यंत शहरात प्रेतांचा खच पडला. एक वर्षाने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश प्र. ना. भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने, १९८६ च्या डिसेंबरात असा सिद्धांत घालून दिला की, जो उद्योग मुळातच धोक्याचा आहे तो चालविणाऱ्याला अपघाताची जबाबदारी टाळता येणार नाही. आपण सर्व काळजी घेतली होती, ही सबब त्याला पुढे करता येणार नाही. इंग्लंडात १८६८ मध्ये घालून दिलेल्या जुन्या नियमाला जे अपवाद होते, तेही त्याच्या मदतीस येणार नाहीत. जो धोक्यातून नफा मिळवितो, त्याने धोक्याची किंमत मोजावी, हे त्याचे सार. या निर्णयात 'डेंजरस' हे विशेषण पुन्हा आपल्या जन्मघरी, धन्याच्या दारी, जाऊन उभे राहिले.

परंतु याच काळात हे विशेषण दुसऱ्या एका वाटेनेही गेले, आणि ती वाट सीझरची होती. सत्ता ज्याच्या हाती तो ते सत्ताहीनाला लावू लागला. १८४० मध्ये पॅरिसमधील फ्रेजिए या अधिकाऱ्याचा मोठ्या शहरांतील 'धोकादायक वर्गां'विषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि गरीब वस्त्यांतील माणसांना उद्देशून हा शब्दप्रयोग युरोपभर पसरला. हिंदुस्थानात १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची सोय सरकारला झाली. त्या कायद्याची भाषा वेगळी होती, परंतु त्याच्या मागचा विचार हाच होता. पुढच्या कायद्यांनी त्याची व्याप्ती वाढली आणि मुंबई इलाख्यातही सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना लोक 'सेटलमेंट' म्हणत. तेथे यंत्राभोवती घालावयाचे कुंपण माणसांभोवती घातले गेले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला आणि त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. पण एकदा लागलेले विशेषण कायद्याबरोबर रद्द होत नाही, याचा अनुभव त्या लोकांनी पुढे पिढ्यान् पिढ्या घेतला.

एकेका व्यक्तीपुरते हे विशेषण कायद्यात राहिलेच आहे. ज्याला मोकळे ठेवणे समाजाला घातक ठरावे, इतका जो बेफाम आणि 'डेंजरस' आहे, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याची तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ११० व्या कलमात होती. १९७३ आणि २०२३ च्या संहितांतही ती पुढे चालू राहिली. महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले इत्यादींच्या प्रतिबंधासाठी १९८१ मध्ये जो कायदा झाला, त्यात पुढे 'धोकादायक व्यक्ती' हा शब्दप्रयोग आला. समाजाला उपद्रव देणारी माणसे असतात आणि त्यांना आवरावे लागते, याबद्दल वाद नाही. परंतु पूल धोकादायक आहे असे म्हटल्याने पुलाचे काही बिघडत नाही. माणूस धोकादायक आहे असे म्हटल्याने त्याचे स्वातंत्र्य जाऊ शकते. म्हणून वस्तूला लावावयाचे विशेषण माणसाला लावताना पुरावा अधिक हवा, हे न्यायालयांनी वेळोवेळी बजाविले आहे.

या दोन्ही वाटा जेथे एकत्र येतात असे एक ठिकाण मुंबईत आहे, आणि ते म्हणजे जुन्या चाळीचा दरवाजा. दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की महानगरपालिका आणि गृहनिर्माण मंडळ धोकादायक आणि अतिधोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. गिरगाव, लालबाग, परळ, भायखळा या भागांतील कित्येक कुटुंबे त्या यादीत आपल्या घराचा क्रमांक शोधतात. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमातील ३५४ वे कलम या बाबतीत पाहण्यासारखे आहे. इमारत राहणाऱ्याला, तेथे येणाऱ्याजाणाऱ्याला किंवा जवळून जाणाऱ्याला 'डेंजरस' असेल, तर मालकाला किंवा वहिवाटदाराला ती पाडण्याची, सावरण्याची वा दुरुस्त करण्याची नोटीस द्यावी, असे ते कलम सांगते. धोका कोणाला, हेही त्यात आहे आणि करावयाचे कोणी, हेही त्यात आहे. रोजच्या बोलण्यातले वाक्य जे अर्धे सोडते, ते कायद्याच्या रुक्ष भाषेने येथे पूर्ण केले आहे.

तरीही चाळीच्या जिन्यात ती नोटीस लागते, तेव्हा काय घडते? मालक म्हणतो, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठविलेल्या भाड्यात डागडुजी कशी परवडावी? भाडेकरू म्हणतो, इमारत मुद्दाम मोडकळीस येऊ दिली आहे, कारण पाडलेल्या चाळीच्या जागेची किंमत उभ्या चाळीहून अधिक आहे. १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळासाठी कायदा झाला. उपकर घेऊन जुन्या इमारतींची दुरुस्ती सरकारी यंत्रणेने करावयाची, असे ठरले. १९७७ मध्ये ते काम नव्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे, म्हाडाकडे, गेले. एवढे होऊनही इमारत कोसळल्याची वार्ता ज्या पावसाळ्यात येत नाही, तो पावसाळा विरळाच. घर सोडावे तर परत मिळेल याची खात्री वाटत नाही, आणि न सोडावे तर रात्री छत डोक्यावर येईल याची भीती. अशा घरात राहणारी गृहिणी स्वयंपाकघराच्या भिंतीची वाढती भेग रोज पाहते. तिला 'इमारत धोकादायक आहे' हे वाक्य कोणी शिकवावयास नको असते. त्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग, म्हणजे कोणी काय करावयाचे, तो मात्र तिला कोणी सांगत नाही.

आणि मग शब्दाचा इतिहास आठवतो. 'दोमुस' म्हणजे घर. 'दोमिनुस' म्हणजे घराचा धनी. आणि त्याच्या मुठीत असणे म्हणजे 'डेंजर'. दोन हजार वर्षे फिरून हा शब्द ज्या उंबऱ्यावरून निघाला होता, त्याच उंबऱ्यावर येऊन पोहोचला आहे. मधल्या प्रवासात त्याने समुद्र पाहिला, गिरण्या पाहिल्या, विषारी वायू पाहिला. माणसांभोवतीची तारेची कुंपणेही पाहिली. त्या सर्व ठिकाणी अनुभव एकच आला. धोका हा वस्तूच्या अंगी असतो तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, ती वस्तू ज्याच्या हाती आहे त्याच्या वागणुकीत असतो.

शब्दाचे मूळ ठाऊक झाल्याने त्याचा रोजचा वापर बदलावा, असा आग्रह कोणी धरणार नाही. घाटातले वळण यापुढेही डेंजरस राहील आणि गोलंदाजाचा चेंडूही. परंतु एखाद्या पुलाला, कारखान्याला, इमारतीला किंवा माणसाला हे विशेषण लावले जाईल, तेव्हा दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली तर ती उपयोगाची ठरेल: हा धोका कोणाला, आणि तो कोणाच्या हाती? इंग्रजी वाक्यात रोगी 'डेंजरस' की 'इन डेंजर', हे चुकले तर ऐकणारा हसतो आणि विषय संपतो. राज्यकारभारात तीच चूक झाली, म्हणजे जे धोक्यात आहेत त्यांनाच धोकादायक ठरविले गेले, तर हसण्याजोगे काही उरत नाही. चारपाचशे वर्षांपूर्वी इंग्रजी भाषा ज्या धन्याला विसरली, त्याला विसरण्याची मोकळीक भिंतीखाली राहणाऱ्याला कधीच नव्हती.